मोकळी खिंड

सोमवार, ३ मार्च

आज नव्या गेमच्या मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "सगळ्यात वरच्या लेव्हलला कॉम्प्युटर वेगळं काय करणार?" मी तोंड उघडायच्या आत सोनार म्हणाला, "दुप्पट सोनं द्यायचं त्याला. शिवाय धुक्यातून आरपार दिसेल असं करायचं." झालं. याच्यापुढे त्याची अक्कल जात नाही. दर गेममध्ये कॉम्प्युटरला सोनं वाटत सुटतो म्हणून मीच त्याचं नाव सोनार पाडलंय. तोंडावर म्हणत नाही एवढंच.

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. लोक किल्ले, जादूगार, पंखवाले राक्षस असलेला गेम विकत घेतात, लेव्हल 'सोपी'वरून 'अवघड'वर नेतात आणि समजतात की आता कॉम्प्युटर जास्त डोकं चालवणार. डोंबलाचं डोकं. डोकं तेवढंच असतं. खेळणाऱ्याला शंभर मोहरा मिळतात तिथे त्याला दोनशे, आणि खेळणाऱ्याला नकाशाचा जो भाग धुक्यामुळे दिसत नाही तो त्याला लख्ख दिसतो. चोरी करून जिंकतो आणि लोक म्हणतात काय हुशार आहे.

सोप्या लेव्हलला याच्या उलट. तो कॉम्प्युटर मीच लिहिलाय आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान आहे. त्याला सगळं कळतं. तुमचं दार उघडं दिसलं तर तो दारापर्यंत येतो, रेंगाळतो आणि परत जातो. हरतो, पण मुद्दाम हरतोय हे तुम्हाला कळू देत नाही. हे जमवायला मला दोन वर्षं लागली होती.

मी म्हटलं, "मॅडम, मला महिनाभर द्या. एकही मोहर जास्तीची न घेता, खेळणाऱ्याला दिसतं तेवढंच बघून जिंकेल असा प्रतिस्पर्धी देते." सोनार हसला. मॅडम म्हणाल्या, चार एप्रिलला चाचणी. माझा चालला तर 'अशक्य' लेव्हलला तोच बसणार आणि पुढच्या गेममध्ये प्रतिस्पर्ध्यांचा सगळा विभाग माझ्याकडे. नाही चालला तर विभागच बंद, आणि मी गेममधल्या दुकानांत तलवारी केवढ्याला विकायच्या ते ठरवत सोनारच्या हाताखाली बसायचं. अकरा वर्षांनंतर.

गुरुवार, ६ मार्च

ऑफिसातली चाचणीची पोरं कामाची नाहीत. हरली की कुरकुर, जिंकली की कंटाळा. मला असा माणूस हवा जो हरण्याला घाबरत नाही आणि कुणाची भीड ठेवत नाही. असा माणूस घरातच बसलाय.

बाबांनी गोदीत चाळीस वर्षं क्रेन चालवली. मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, आणि लहान पोर आहे म्हणून एकदाही जिंकू दिलं नाही. आई म्हणायची, अहो, एखादा डाव सोडा तिला. ते म्हणायचे, "फुकटचा डाव घेऊन काय करेल ती?" सतराव्या वर्षी मी त्यांना हरवलं. त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या, डबा कपाटावर टाकला आणि त्यानंतर माझ्याशी कधी खेळले नाहीत. मला अजून राग आहे त्याचा.

आज त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. मागच्या वर्षी त्यांनी आमचा जुना गेम धुऊन काढला होता, त्यामुळे बटणं वगैरे माहीत आहेत. माझ्या प्रतिस्पर्ध्याचा पहिला कच्चा खर्डा त्यावर टाकला आणि लेव्हल मी माझ्या हाताने 'अशक्य'वर लावून दिली. "बाबा, दया करणार नाही हा," म्हटलं. "तुझाच ना? मग करणार कशाला," म्हणाले. बरं वाटलं ऐकून.

हल्ली त्यांची चिडचिड फार वाढलीय. गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरले, दोन दिवस डोकं धरून बसले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर माझ्यावरच डाफरले. आता रोज कशावरून तरी कटकट. आज काय, तर वर्तमानपत्रवाले अर्धीच वाक्यं छापतात. "सुरुवात नाही, शेंडा नाही, वाचायचं काय?" मी म्हटलं, बातम्याच तशा असतात हल्ली. नवरा हसला नाही. त्याला विनोद उशिरा कळतात.

मंगळवार, ११ मार्च

बाबा जिंकले!

माझा विश्वास बसेना. ऑफिसातली पोरं या कॉम्प्युटरसमोर अर्धा तास टिकत नाहीत. सोमवारपर्यंत बाबाही हरत होते, तेही वाईट. नवरा शाळेची बस चालवतो, सकाळ-दुपारच्या फेऱ्यांच्या मधे घरी असतो. तो सांगत होता की काल हरल्यावर बाबांनी माउस भिंतीवर फेकला आणि मग बराच वेळ नुसते बसून राहिले. आणि आज जिंकले. मी विचारलं, "कसं केलंत?" खांदे उडवले. "जिंकलो झालं."

जिंकल्याचा आनंद म्हणून दाढीसुद्धा केली, तीही एकाच गालाची. मी म्हटलं, "बाबा, दुसऱ्या गालाला सुट्टी का?" तर म्हणाले, पूर्ण केलीय, डोळे तपास तुझे.

बुधवार, १९ मार्च

सलग आठ दिवस जिंकतायत. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मी आज ऑफिसात हे सांगितलं आणि पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. चाचणी करणारी ती चष्मेवाली म्हणाली, "ताई, आम्हाला हा फार कठीण जातो. थोडा सैल करा." मी म्हटलं, "माझे बाबा रोज जेवण झाल्यावर याला लोळवतात. तुम्ही सैल व्हायचं थांबा, मी त्याला आणखी घट्ट करणार आहे." सोनारला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

आता बाबा कसे जिंकतात ते शोधायचं. प्रत्येक डाव साठवलेला असतो, तो ऑफिसात पुन्हा लावून बघता येतो. साठवलेल्या डावात लेव्हल दिसत नाही, फक्त चाली दिसतात, पण लेव्हल मीच लावली असल्यामुळे तो प्रश्न नाही. उद्या सगळे बघते.

नवरा जेवताना अर्ध्यातच बाबांचं ताट फिरवतो. ही काय नवी सवय कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाला, "असंच." घरात निदान एका माणसाने तरी पूर्ण वाक्यात बोलायला काय हरकत आहे?

गुरुवार, २० मार्च

सापडलं. काय डोकं आहे या म्हाताऱ्याचं.

या नकाशात खेळणाऱ्याचा किल्ला मधोमध आहे. शत्रू दोन खिंडींतून येऊ शकतो, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. शहाणा माणूस दोन्हीकडे पहारा ठेवतो. बाबा डाव्या खिंडीत एकही शिपाई ठेवत नाहीत. एकही नाही. सगळं सैन्य, जादूगार, राक्षस उजवीकडे. डावीकडे दार सताड उघडं.

आणि मजा म्हणजे कॉम्प्युटर फसतो. त्याचं सैन्य डाव्या खिंडीच्या तोंडाशी येतं, थबकतं, इकडेतिकडे करतं आणि परत फिरतं. त्याला सापळ्याचा वास येतो, पण नक्की काय ते कळत नाही. तोवर बाबा उजवीकडून त्याचा फडशा पाडतात. आठही डाव असेच. गोदीत चाळीस वर्षं वरून जग बघितलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, डाव ओळखला हं तुमचा." ते टीव्ही बघत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते, वळलेसुद्धा नाहीत. त्यांना कौतुक केलेलं आवडत नाही, पहिल्यापासून.

सोमवार, २४ मार्च

चार दिवस दुसरं काही केलं नाही. कॉम्प्युटरला आता नियम घालून दिलाय: डावी खिंड पूर्ण मोकळी दिसली तर तो सापळा समजायचा. आत पाऊल टाकायचं नाही. सगळी ताकद उजवीकडे वळवायची. आता बाबांची युक्ती चालायची नाही.

माझ्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्याशीच लढवून पाहिलं, रात्रंदिवस यंत्रं चालू ठेवून. उत्तम खेळतो. दोन्ही बाजू दोन्ही खिंडी डोळ्यांत तेल घालून राखतात, त्यामुळे नव्या नियमाची वेळच येत नाही. म्हणजे नियमाने काही बिघडत तर नाही.

नवरा म्हणाला, "बाबांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू या का? आज दाराच्या चौकटीवर आपटले. डावा खांदा पुन्हा." मी म्हटलं, चार तारीख होऊ दे. तो म्हणाला, "चार तारखेनंतर दुसरी तारीख असेल तुझी." उगाच टोमणा. घरी बसून बोलायला काय जातं.

मंगळवार, १ एप्रिल

नवा प्रतिस्पर्धी घरच्या कॉम्प्युटरवर टाकला. बाबा तरीही जिंकले. मला धक्का बसला, पण डाव बघायला वेळ नाही. तीन दिवस उरलेत. नवऱ्याला विचारलं, कसे खेळले? "नेहमीसारखे," म्हणाला आणि भांडी घासायला गेला. भांडी स्वच्छ होती.

शुक्रवार, ४ एप्रिल

लिहवत नाही. पण लिहिते.

चाचणीला दहा जण, सगळे बाहेरून बोलावलेले. पहिला तास माझा प्रतिस्पर्धी भारी पडला. मॅडम मान डोलवत होत्या. सोनार कोपऱ्यात नखं खात होता. मग एकाचं सैन्य संपत आलं म्हणून त्याने डाव्या खिंडीतले शिपाई काढून उजवीकडे नेले. खिंड मोकळी. माझा प्रतिस्पर्धी तिथे आला, आणि थांबला. आत फक्त दोन शेतकरी आणि एक बैलगाडी. तो परत गेला.

त्या माणसाने शेजारच्याला कोपर मारलं. शेजारच्याने आपली खिंड मोकळी केली. मग तिसऱ्याने. पंधरा मिनिटांत दहाच्या दहा पडद्यांवर डावीकडची खिंड रिकामी, आणि माझा प्रतिस्पर्धी अंगणात शिरायला लाजणाऱ्या पाहुण्यासारखा बाहेर उभा. उजवीकडे वळला की तिथे सगळं सैन्य एकवटलेलं, त्यामुळे सगळे जिंकले. एक जण तर खिंड सोडून चहा प्यायला गेला होता, तोही जिंकला. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

मॅडम बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा नियम कुणी घातला?" मी म्हटलं, मी. "कशावरून?" काय सांगणार? बाबांवरून? सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला माहीत आहे. आपण वेड्या माणसाशी बोलताना तसं बघतो. अशक्य लेव्हल सोनारची. विभाग बंद. सोमवारपासून मी तलवारींच्या किमती ठरवणार.

सोनार म्हणाला, "वाईट वाटलं हं." त्याला खरंच वाटलं असावं, आणि त्याचाच जास्त संताप आला.

शुक्रवारच, घरी आल्यावर

आले तेव्हा बाबा जेवत होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. सगळं त्यांच्यावरच काढलं. म्हटलं, "बाबा, तुमच्या त्या युक्तीपायी माझी अकरा वर्षं पाण्यात गेली. एवढंच सांगा, डावी बाजू का मोकळी सोडायचात? काय होतं तुमच्या डोक्यात?"

बाबांनी घास खाली ठेवला. "कुठली डावी बाजू?"

"नकाशाची. डावीकडची खिंड."

"एकच तर खिंड आहे," बाबा म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. पण बाबांनी आयुष्यात थट्टा केलेली नाही. मग त्यांच्या ताटाकडे लक्ष गेलं. उजवी बाजू चाटूनपुसून साफ. डावीकडे वाटाणे आणि बटाटे तसेच, मधे सुरीने रेघ मारावी तसे. नवरा उठला आणि त्याने ताट हळूच फिरवलं. बाबांनी खाली बघितलं. "अरे, हे कधी वाढलंस?" म्हणाले आणि खाऊ लागले.

मी कॉम्प्युटर उघडला. लेव्हल 'सोपी'.

शनिवार, ५ एप्रिल

आज तलवारी, डॉक्टर वगैरे काही सुचत नव्हतं, सकाळपासून नवऱ्याशी भांडण. तो म्हणाला, "बाबांनी माउस फेकला त्या दिवशी ते रडत होते. मी बघितलं त्यांना. मला नाही बघवलं. लेव्हल कमी केली."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तू घरी येऊन काय विचारायचीस? बाबा कसे आहेत असं एकदा तरी विचारलंस? जिंकले का, एवढंच. हरले म्हटलं असतं तर तू त्यांना आणखी खेळवलं असतंस."

"ताट फिरवत होतास. म्हणजे तुला कळलं होतं."

"डोळे अधू झालेत एवढंच कळलं होतं. तुला म्हटलंही होतं, दाखवू या. तारीख आठव."

आठवली. चोवीस मार्च. मागच्या पानांवर माझ्याच अक्षरात आहे. तरी मी त्याला म्हटलं की हे सगळं तुझ्यामुळे झालं. तो बस घेऊन गेला. शनिवारी शाळा नसते.

सगळ्यात कडू गोष्ट मला दुपारी सुचली. दारापर्यंत येतो, रेंगाळतो, परत जातो. हे मी लिहिलंय. दोन वर्षं घालून, माझ्या हाताने. माझाच सोपा कॉम्प्युटर आठ डाव माझ्यासमोर नाचत होता आणि मला तो ओळखू आला नाही. मी फक्त बाबांच्या चाली बघत होते, म्हणजे तसं मला वाटत होतं.

बुधवार, ९ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी बाबांना कागदावर आडव्याउभ्या रेघा काढून दिल्या आणि म्हणाल्या, आजोबा, प्रत्येक रेघेवर फुली मारा. बाबांनी उजवीकडच्या सगळ्या रेघांवर नेटक्या फुल्या मारल्या आणि पेन खाली ठेवलं. "झालं?" "झालं की." डावा अर्धा कागद कोरा. मग घड्याळ काढायला सांगितलं. बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. क्रेनवर बसून जहाजाच्या पोटात पेट्या उतरवणारा माणूस.

डोळे ठणठणीत आहेत. मेंदूत उजव्या बाजूला रक्तपुरवठा अडला होता, त्यामुळे जगाची डावी बाजू त्यांच्या हिशेबातच नाही. दिसत नाही असं नाही, आहे हेच माहीत नाही. "कधी पडले होते का? डोकं दुखलं होतं?" मी सांगितलं. "तेव्हाच आणायला हवं होतं," म्हणाल्या, आवाज न चढवता. आता सरावाने जितकं परत येईल तितकं. येईलच असं नाही.

परत येताना बाबा गाडीत खिडकीजवळ, मी त्यांच्या डाव्या हाताला. वाटेत त्यांनी नवऱ्याला विचारलं, "ती आली नाही का?"

शुक्रवार, १६ मे

गेम बाजारात आला. सगळीकडे वाहवा. एकाने लिहिलंय, 'अशक्य लेव्हलचा कॉम्प्युटर खरोखर विचार करतो, आपल्या मनातलं ओळखतो.' ओळखेल नाहीतर काय, धुक्यातून बघतोय मेला. सोनारने ते वाक्य छापून भिंतीवर लावलंय. त्याच्याखालीच माझं टेबल. आज दिवसभर ढालींच्या किमती ठरवल्या.

नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. चूक त्याची आहे असं मी आता म्हणत नाही. नव्हती असंही अजून म्हटलेलं नाही.

रविवार, ८ जून

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, काहीही करताना डाव्या कडेला लाल पट्टी लावायची आणि आधी ती पट्टी शोधायला लावायची. ताटाला लाल दोरा, वर्तमानपत्राला लाल रेघ. कॉम्प्युटरच्या पडद्यालाही मी लाल चिकटपट्टी लावली. सापळ्याचा नियम काढून टाकलेला माझा प्रतिस्पर्धी अजून माझ्याकडे आहे. जगात तो कुणालाच नको आहे, तेव्हा म्हटलं बाबांना खेळवावं, सोप्यावर.

बाबा पडद्याकडे बघून म्हणाले, "पुन्हा तोच का? तो हात राखून खेळणारा?"

मी विचारलं, तुम्हाला कळत होतं?

"न कळायला काय झालं? मी डावीउजवी विसरलो असेन, खेळायला नाही विसरलो. दुसऱ्याच दिवशी कळलं, समोरचा मला सोडून देतोय. वाटलं, तूच तसं केलंयस."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी माउस बाजूला सरकवला. "तू दारातून आल्या आल्या विचारायचीस, जिंकलात का? हो म्हटलं की लहानपणासारखी हसायचीस. म्हटलं, हिला बरं वाटतंय ना बापाला जिंकवून, तर वाटू दे. मी तुला कधी एक डाव सोडला नाही. म्हटलं, हा सोडावा."

आत नवऱ्याने पाण्याचा नळ बंद केला. तोही ऐकत होता.

"आता कॉम्प्युटर नको," बाबा म्हणाले. "समोर तू बस. आणि हात राखू नकोस, मला कळतं."

मी दुसरा पडदा लावला आणि समोर बसले. सव्वीस वर्षांनी. "बाबा, आधी लाल पट्टी शोधा," म्हटलं. त्यांनी मान वळवली, वळवत वळवत पट्टीपर्यंत नेली. "दिसली," म्हणाले. मग त्यांचा हात उजवीकडे गेला, आणि एकेक करून सगळे शिपाई, सगळे जादूगार त्यांनी तिकडे नेऊन उभे केले. नीट, रांगेत.

मी थांबले. दारापर्यंत जायचं, रेंगाळायचं, परत फिरायचं, हे माझ्याइतकं कुणाला येतं?

"चल, खेळ की," बाबा म्हणाले.

मी डावीकडून आत शिरले. बाबा उजव्या खिंडीवर डोळे लावून माझी वाट बघत होते.